गाडी ताब्यात देताना

माझे दाजी बस चालवायचे आणि मी त्याच बसमध्ये तिकिटं फाडायचो. आमच्यामध्ये एक जाळी होती आणि एक दोरी. दोरी ओढली की त्यांच्या डोक्यावर बेल वाजायची. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चला. एवढ्या दोन वाक्यांवर आमची अख्खी नोकरी निघाली. माझ्या ताईचा आणि त्यांचा संसार मात्र पुष्कळ वाक्यांवर चालला होता. त्यातली बहुतेक ताईची.

डेपोत त्यांना सगळे 'सावकाश' म्हणत. चढणाऱ्याला सावकाश, उतरणाऱ्याला सावकाश, आणि घासून पुढे जाताना शिवी देणाऱ्यालाही काच खाली करून सावकाश. आमचं वाजायचं ते एकाच गोष्टीवरून. मी डबल बेल द्यायचो आणि गाडी हलायची नाही. जाळीतून बघावं तर हे आरशात बघत बसलेले.

"दाजी, डबल दिली."

"ऐकली. मागून पॅसेंजर येतोय."

"मागून कुणी ना कुणी येणारच. जगात माणसं आहेत तोवर येणार."

"मग आरसा कशाला दिलाय, कंडक्टर?"

तेवढ्यात तो पॅसेंजर धापा टाकत चढायचा आणि वर मलाच म्हणायचा, जरा थांबवत नाही का हो गाडी!

रिटायर झाल्यावर दाजींच्या पाठीनं असहकार पुकारला. कण्यातली जागा अरुंद झाली होती आणि नसा दाबल्या जात होत्या. चार पावलं टाकली की पाय बधिर व्हायचे आणि पुढे वाकल्याशिवाय बरं वाटायचं नाही. रस्त्यानं असे वाकून चालले की समोरून येणाऱ्याला वाटायचं, ह्यांचं काहीतरी पडलंय. तोही वाकून शोधू लागायचा. एकदा तर कोपऱ्यावर चौघे मिळून शोधत होते. दाजींना खरं सांगायचा संकोच वाटला, म्हणून त्यांनीही थोडं शोधलं.

सर्जन म्हणाले, ऑपरेशननं बऱ्यापैकी फरक पडेल, घाई नाही, पण करून घ्या. त्याआधी मात्र एक तपासणी, खाली कोपऱ्यातल्या खोलीत. मनाची.

"मनाची?" दाजी म्हणाले. "दुखतंय कंबरेत, साहेब."

"ते मी बघतोच आहे. बाकीचं त्या बघतील."



ही बातमी आमच्या रिटायर मंडळींना कळली आणि दुसऱ्या दिवशी हॉर्न घरी हजर झाला. हॉर्न हाही जुना ड्रायव्हर. त्याचा आवाज असा की त्याच्या बसला दुसरा हॉर्न लागायचा नाही.

"मनाची तपासणी म्हणजे दुसरं काही नाही," तो सोफ्यावर बसत ओरडला, "फिटनेस! आपली वर्षाची फिटनेस!"

इथं आमच्या डेपोची एक रीत सांगायला हवी. दरवर्षी ड्रायव्हरची तपासणी व्हायची. डॉक्टर विचारायचे, चक्कर येते का, डोकं दुखतं का, झोप लागते का. ह्यातल्या कशालाही 'हो' म्हटलं की माणूस हलक्या कामावर जायचा. हलकं काम म्हणजे गाडीत विसरलेल्या वस्तूंची खिडकी. एका भोळ्या ड्रायव्हरनं एका वर्षी 'कधीमधी डोकं दुखतं' असं सांगितलं. त्यानंतर तो पेन्शनीपर्यंत लोकांच्या छत्र्या सांभाळत बसला. त्याच्या डोकेदुखीचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही, कारण तो आता गाडी चालवत नव्हता. तेव्हापासून नवीन ड्रायव्हरला गिअरच्या आधी उत्तरं शिकवली जात. काही होत नाही, काही दुखत नाही, झोप गाढ.

"चला, तालीम!" हॉर्न म्हणाला. "उदास वाटतं का?"

"नाही साहेब," दाजी म्हणाले.

"साहेब नको, तिथं मॅडम आहेत. रात्री जाग येते का?"

"नाही मॅडम."

"भीती?"

दाजींनी विचारलं, "कसली?"

"कसली नाही विचारायचं! नाही म्हणायचं! कसली म्हणून विचारलंस की छत्र्या!"

ताई आतून म्हणाली, "अहो भावजी, शेजारच्यांचीसुद्धा तपासणी होतेय." ती गुडघे धरत बाहेर आली. ताईचे गुडघे दाजींच्या पाठीपेक्षा सीनियर. "चहा करा कुणीतरी. मी आता उठबस करणार नाही."

मी गेलो चहा करायला आणि स्वयंपाकघरात बघतच राहिलो. जिकडेतिकडे चिठ्ठ्या चिकटवलेल्या, दाजींच्या ठसठशीत अक्षरात. नळावर: 'बंद करताना जरा वर उचलून.' कपाटावर: 'आधी ढकलावे, मग ओढावे.' पंख्याच्या बटणाखाली: 'तीनवर आवाज करतो. घाबरू नये.' गॅसपाशी, मीटरपाशी, दाराच्या कडीपाशी, सगळीकडे. बरण्यांवरसुद्धा नावं होती. मला वाटलं, रिटायर माणसाला उद्योग हवा. कुणी टपाल तिकिटं जमवतो, कुणी घराला चिठ्ठ्या लावतो. मी 'साखर' लिहिलेल्या बरणीतून चमचे भरून साखर घातली.

ते मीठ होतं. दाजी कधी स्वयंपाकघरात वावरलेले नव्हते, त्यांनी अंदाजानं चिकटवलं होतं. एक घोट घेऊन मी कप खाली ठेवला, दाजींनी ठेवला, ताईनं ठेवला आणि दाजींकडे बघितलं. हॉर्ननं सगळा चहा प्यायला आणि म्हणाला, "ताकद आहे चहात. अजून आहे का?"

तपासणीच्या दिवशी दाजी, ताई आणि मी असे तिघं गेलो. खोली लहान होती. एक टेबल, खुर्च्या आणि खिडकीत एक कुंडी. कुंडीतलं झाड असं होतं की आधी त्याचीच तपासणी व्हायला हवी होती. मानसतज्ज्ञ मॅडम वयानं आमच्या मुली शोभतील अशा. त्यांनी दाजींना बसायला सांगितलं. दाजी खुर्चीचे दोन्ही हात धरून, तोंडानं वाफ सोडल्यासारखा आवाज करत, हप्त्याहप्त्यानं बसले.

"काका, काही प्रश्न विचारते. मनात येईल ते सांगा. गेल्या काही दिवसांत उदास, निराश वाटलं?"

"नाही मॅडम."

"एखाद्या गोष्टीत पूर्वीसारखा रस वाटत नाही, असं?"

"नाही मॅडम."

"झोप?"

"गाढ."

ताईच्या नाकातून एक आवाज आला. हा आवाज मी लहानपणापासून ओळखतो. हा आला की आमचे वडीलसुद्धा चप्पल घालून फेरफटका मारायला जायचे.

मॅडमनी ताईकडे बघितलं. "काळजी? मनात सारखं काहीतरी घोळत राहणं? आपण आता बरे होणार नाही, असं वाटणं?"

"नाही मॅडम." दाजी पाठ शक्य तेवढी ताठ करून बसले होते. ती शक्य नव्हती.

"बरं. आता दुखण्याचं. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं. तुमचं किती?"

"शून्य," दाजी म्हणाले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"काका, ह्या इमारतीत तुमच्याइतकं ठणठणीत कुणी नाही. माझीच सकाळपासून मान धरलीय. मग ऑपरेशन कशाचं करायचं?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न तालमीत नव्हता.

"म्हणजे नापास?" त्यांनी हळूच विचारलं. "हलक्या कामावर?"

"हलकं काम म्हणजे?"

मग मला छत्र्यांची सगळी हकिगत सांगावी लागली. मॅडम हसल्या, पण चांगलं हसल्या, आमच्यावर नाही. "मामा, इथं पास-नापास नाही," त्या मला म्हणाल्या. "सर्जन नसांवरचा दाब काढतात. नंतर उठायचं, चालायचं, ते काकांना करायचं असतं. ज्यांच्या मनात आधीपासून भीती बसलेली असते, झोप उडालेली असते, त्यांचं दुखणं ऑपरेशन नीट होऊनही रेंगाळायची शक्यता जास्त असते. ते आधी कळलं तर आधी काहीतरी करता येतं. मी खोटी शून्यं वर पाठवली तर मात्र माझ्या हातात काही राहत नाही."

"मन माझं चांगलं आहे," दाजी म्हणाले. "पाठच तेवढी."

"चांगलं आहे?" ताई फुटली. "मॅडम, ह्या माणसानं माझ्या घराला चिठ्ठ्या लावल्यात! नळ कसा बंद करायचा ते मला शिकवतोय. तो नळ ह्यानं आयुष्यात कधी बंद केलेला नाही! मिठाच्या बरणीवर साखर! माझ्या स्वयंपाकघरात मी काय पाहुणी आहे? रात्री मी उठून बघते, तर हा खुर्चीत बसलेला. विचारलं तर म्हणतो, झोप झाली."

"कशा चिठ्ठ्या, काकू?"

ताईनं पाठ म्हणून दाखवल्या. कपाट आधी ढकलावे, पंखा तीनवर, कडी हलक्या हातानं. ती म्हणत गेली आणि मला माझ्याच कानांवर काहीतरी जुनं पडल्यासारखं झालं. हे मी डेपोत रोज ऐकलेलं होतं. पाळी संपली की ड्रायव्हर दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात गाडी देतो, आणि चांगला ड्रायव्हर असेल तर नुसती चावी देऊन जात नाही. गाडीच्या खोडी सांगतो. क्लच जड आहे, डावा आरसा हलतो, दुसरा गिअर रुसतो, जरा गोडीनं घे. दाजी तर एवढं सांगत बसायचे की समोरचा म्हणायचा, सावकाश, आता जा घरी!

"दाजी," मी म्हणालो, "गाडी ताब्यात देताय का?"

ते कुंडीतल्या झाडाकडे बघत राहिले.

"डेपोत सोय होती," दाजी म्हणाले. "गाडी मध्येच बंद पडली तर पॅसेंजर खाली उतरवायचे, मागची गाडी आली की तिच्यात बसवायचे. मी ऑपरेशनमधून उठलोच नाही, नुसता पडून राहिलो, तर हिला मी कुठल्या गाडीत बसवू?"

त्यांनी ताईकडे बोट केलं.

"हिचे गुडघे बघा. हिनं मला उचलायचं? कूस बदलायची? ती करेल, मला माहीत आहे. करत करत तीपण पडेल. म्हणून म्हटलं, निदान घर तरी नीट सांगून द्यावं."

ताईनं पदर सारखा केला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. "आणि मिठावर साखर लिहावं," ती म्हणाली.

मॅडमनी पेन उचललं. "काका, मघाचेच प्रश्न परत विचारते. चालेल?"

ह्या वेळी पुष्कळ वेळ लागला. झोप नाही. धास्ती आहे, संध्याकाळ झाली की जास्त. रिटायर मंडळी ज्या बाकावर जमतात तिथं जावंसं वाटत नाही. आणि दुखणं? दाजींनी विचार केला. "आठ," ते म्हणाले, आणि मग ड्रायव्हरला शोभेल अशा नेमकेपणानं, "चढावर नऊ."

"आता मला कामाला काहीतरी मिळालं," मॅडम म्हणाल्या. "सर्जनशी मी बोलते. घाई नाही असं तेच म्हणालेत, तर थोडं पुढे ढकलू. तोवर दर आठवड्याला इथं यायचं."

"हलकं काम," दाजी माझ्या कानात म्हणाले.

मॅडमना ऐकू गेलं. "नाही हो. अवघड काम. खरं बोलायचं."

पुढचे काही आठवडे दाजी तिथं जात राहिले. आत काय बोलणं होई ते मला माहीत नाही. जाळीपलीकडचं ऐकायची मला सवयच नाही. बाहेर येऊन कधी ते नुसते घाम पुसायचे, तर कधी म्हणायचे, "आज मॅडमच्या झाडाला पाणी घातलं." श्वास सावकाश कसा घ्यायचा हे शिकले. ते त्यांना लगेच जमलं, नावच तसं होतं. रात्री मनात जे येतं ते सकाळी ताईला सांगायचं, असाही गृहपाठ होता. ताई म्हणायची, "आजचं संपलं का? कालचं तर मी अजून ऐकतेय."

मग एकदा मॅडमनी फिजिओथेरपीच्या बाईंना बोलावलं आणि ताईलाही. ऑपरेशननंतर अंथरुणातून उठायचं कसं, ते दाखवायला. उचलायचं कुणालाच नाही! माणसानं स्वतः अख्खा कुशीवर वळायचं, कंबर न पिरगाळता, ओंडका लोळतो तसं. पाय कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपरानं रेटून वर यायचं. बाजूच्या माणसानं नुसतं उभं राहायचं, घाई करू नको म्हणायचं, बस्स.

ताईनं ते नीट बघून घेतलं. "एवढंच?"

"एवढंच, काकू. उचलायला गेलात तर मीच रागावेन."

ताई दाजींकडे वळली. "ह्या एवढ्याशा गोष्टीसाठी मला नळ शिकवला!"

घरी येऊन तिनं तालीम लावली. दाजींची पाठ आधीच दुखत होती, म्हणून तालमीला मी. मला रोज पलंगावर पाडून ओंडका केलं जाई आणि ताई शेजारी उभी राहून 'घाई करू नको' असं इतक्या जोरात ओरडे की मी घाई करून पडायचो. हॉर्न हे बघायला यायचा. त्याला ताई आता खऱ्या साखरेचा चहा द्यायची. त्यानं फरक ओळखला नाही.

एका सकाळी गेलो तर ताई गालातल्या गालात हसत होती. मला खोलीच्या दारापर्यंत नेलं. दाजी उताणे झोपले होते आणि घोरत होते, जुन्या डिझेल इंजिनासारखे, थंडीत सुरू होताना होतं तसं. पलंगाच्या डोक्यावर ताईनं पंख्याखालची चिठ्ठी आणून चिकटवली होती. आवाज करतो. घाबरू नये.

बाकीच्या चिठ्ठ्या तिनं काढून टाकल्या होत्या. कपाटावरची मात्र ठेवली. ती म्हणाली, ते खरंच आधी ढकलावं लागतं, मलाच इतकी वर्षं कळलं नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी दाजी घाबरलेले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. उलट जरा जास्तच सांगितलं. खरं बोलायची एकदा सवय लागली की आवरत नाही. नर्सला सांगितलं, भीती वाटतेय. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं. लिफ्टवाल्यालाही सांगितलं. लिफ्टवाला म्हणाला, "मलापण वाटते काका, ह्याच लिफ्टची." दोघं एकमेकांकडे समजून हसले. सर्जनना आत जाताजाता म्हणाले, "साहेब, सावकाश."

ऑपरेशन व्यवस्थित झालं, असं सर्जननी सांगितलं. पण ते त्यांचं काम झालं होतं. दाजींचं दुसऱ्या दिवशी होतं.

सकाळी फिजिओच्या बाई आल्या. मानसतज्ज्ञ मॅडमही जाताजाता डोकावल्या आणि आत येऊन थांबल्या. ताई खाली औषधं आणायला गेली होती. मी म्हटलं होतं, मी जातो, तर म्हणाली, मला हिंडायला हवं, नाहीतर हेच मला गुडघ्यांवर चिठ्ठी लावतील.

"चला काका," बाई म्हणाल्या. "शिकवलंय तसं."

दाजी कुशीवर वळले, ओंडक्यासारखे. पाय खाली आले. कोपर रेटलं. कपाळावर शीर उभी राहिली, ओठ दाबले गेले आणि ते बसले. पलंगाच्या कडेला, ताठ. इतके ताठ बसलेले त्यांना मी कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. सीटवर बसल्यासारखे.

"पायात मुंग्या?"

"नाहीत," ते म्हणाले आणि मग मॅडमकडे बघून, "खरंच नाहीत. कंबरेत आहे, सहा. भीती पाच."

"उत्तम," मॅडम म्हणाल्या. "आता उभं राहायचं. दोन पावलं."

वॉकर पुढे आला. दाजींनी तो धरला, स्टिअरिंग धरावं तसा. आणि थांबले.

सगळे वाट बघत राहिलो. बाईंनी हात पुढे केला, दाजी हलले नाहीत. मॅडमच्या कपाळावर एक बारीक आठी आली. मला वाटलं, एवढं सगळं करून इथं येऊन बसलं की काय पुन्हा, ते पडून राहण्याचं भूत! मग जे येत होतं तेच केलं. पलंगाच्या लोखंडी दांडीवर किल्लीनं ठोकलं. टण्, टण्. डबल.

दाजी हलले नाहीत.

"दाजी," मी म्हणालो, "डबल दिली."

"ऐकली," ते म्हणाले.

त्यांची नजर समोर होती. समोर भिंतीवर हात धुवायचं बेसिन होतं, वर आरसा होता आणि आरशात आमच्या मागचं दार आणि दारापलीकडचा लांबलचक व्हरांडा दिसत होता. व्हरांड्याच्या टोकाला ताई होती. एका हातात औषधांची पिशवी, दुसरा हात भिंतीला, घाईघाईनं, म्हणजे तिच्या गुडघ्यांची जी काय घाई असेल तिनं, येत होती.

"मागून पॅसेंजर येतोय," दाजी म्हणाले.

बाईंना काही कळलं नाही. मॅडमनी आरशात बघितलं आणि त्यांची आठी गेली. आम्ही थांबलो. बराच वेळ लागला. शेवटी ताई दारातून आत आली, धापा टाकत, आणि आल्याआल्या माझ्यावरच ओरडली, "जरा थांबता येत नाही का रे तुम्हाला!"

दाजी उभे राहिले.